गच्चीवरचा तेरडा

नर्मदाताई गेल्याचा फोन तिच्या सुनेने, वनिताने केला, तेव्हा मी कुकर लावत होते. "मावशी, आई गेल्या," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. बरं! दहा महिने अबोला धरलेल्या बाईच्या तोंडून दुसरं काय निघणार? दोन शिट्ट्या झाल्यावर कुठे मी खुर्चीत टेकले आणि रडू यायच्या आधी रागच आला. माझ्या एका साध्या प्रश्नाचं उत्तर न देता ही निघून गेली होती...

आमची ओळख शाळेतली. मी निजामपुऱ्यात राहणारी, जीवशास्त्र शिकवणारी. ती दापोड्याची, मुलाच्या प्रगतीपुस्तकावर सही करायला येणारी. पुढे तिची भातशेती गोदामांखाली गेली आणि घरालगत एक चिंचोळी पट्टी तेवढी उरली. निवृत्त झाल्यावर मीच म्हटलं, इथे फुलपाखरांसाठी बाग करू. मोठ्या ऐटीत नर्सरीतून रोपं नेली. फुलं ही एवढाली, पण पावसाळाभर त्यांच्यावर एक माशी बसेल तर शपथ! नर्मदाताई पदर तोंडाला लावून हसत होती. "बाई, ही फुलं फोटोची. पाखरांनी खावं काय?"

मग तिने मला बांधाबांधाने फिरवलं. ज्या रानफुलावर माशी, फुलपाखरू टिकून बसेल त्याच्या देठाला दोरा बांधायचा आणि बी धरलं की दोरा बघून ते गोळा करायचं, ही तिची रीत. दोरा माझ्याकडचा, आमच्या गल्लीतल्या कापडाच्या लूमवर उरलेला. लाल तेरड्याला, पिवळा टाकळ्याला, पांढरा कुर्डूला. तेरड्याची बोंडं हात लागताच फुटतात, म्हणून ती ओंजळीत धरून फोडायची. तिसऱ्या वर्षी टाकळ्यावर पिवळी फुलपाखरं आली, कुर्डूच्या बियांवर मुनिया उतरल्या आणि गोदामातले हमाल डबा खायला तिकडेच बसायला लागले. आमच्याकडे गौर तेरड्याची. मुळासकट उपटून आणायची, कारण मुळं म्हणजे तिची पावलं. दरवर्षी पट्टीवरची पहिली जुडी नर्मदाताई माझ्या पिशवीत घालायची.

गेल्या वर्षीच्या ज्येष्ठातही आम्ही दोघींनी गुडघे टेकून बी पेरलं. माझे गुडघे वाजतात म्हणून तिने माझी थट्टासुद्धा केली. श्रावणात मात्र ती फोनवर तुटक बोलायला लागली. इकडं लई चिखल हाय, येऊ नको, म्हणायची. मी भोळी, मला ते खरं वाटलं. गौरीच्या दिवशी पिशवी घेऊन गेले, तर पट्टीवर मुरूम पसरलेला आणि त्यावर दोन ट्रेलर उभे. ती दारातच होती.

"पोरांनी जागा गोदामवाल्याला द्यायचं ठरवलं, बाई. मी सही केली."

"कधी? पेरायच्या आधी की नंतर?"

ती दारात आलेला मुरूम पायाने बाजूला सारायला लागली. तेरड्याचा रंग तीन दिवस, तसली तुझी माया, असं तिला तोंडावर सुनावून मी रिक्षात बसले. जमीन तिची, माझा काडीचा हक्क नव्हता, कबूल. पण मोडायचंच होतं तर मला पेरू का दिलं? त्या वर्षी गौर मी बाजारातून आणली.

बाराव्याला गेले. जेवणं झाल्यावर वनिता मला गच्चीवर घेऊन गेली. भिंतीच्या कडेने रंगाच्या रिकाम्या बादल्या मांडलेल्या आणि प्रत्येकीत वीतभर तेरडा, टाकळा, कुर्डू. बादल्यांच्या कड्यांना दोरे होते. लाल, पिवळे, पांढरे... माझेच. आईंनी पट्टीवरची माती स्वतः घमेल्याने वाहिली, कुणाला हात लावू दिला न्हाय, वनिता सांगत होती. गेल्या वर्षी त्यांच्या घरची गौर यातलीच होती. माती कधी वाहिली, मी विचारलं.

"वैशाखात. करार झाला त्याच आठवड्यात."

म्हणजे आधी. माझ्या शेजारी गुडघे टेकून ती बी पेरत होती, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. आणि मी खाली मुरुमापुढे रिकामी पिशवी घेऊन उभी होते, तेव्हा वर गच्चीवर तेरडा फुलला होता. वर चल, एवढे दोन शब्द तिला बोलता आले नाहीत. लाज वाटली असेल, नाहीतर माझ्या जिभेची भीती. पण इतक्या वर्षांत मी तिची एवढीही झाले नव्हते का?

वनिताने एक बादली माझ्या हातात दिली. नको म्हणणार होते, पण घेतली. आता ती माझ्या गॅलरीत आहे, कडीला लाल दोरा तसाच. तेरड्याला कळ्या आल्यात, गौरी आठ दिवसांवर आहेत. मी तिला माफ केलेलं नाही. पाणी मात्र रोज घालते आणि घालताना रोज तिच्याशी भांडते. गुडघे माझे वाजत होते, ताई, हात नव्हते मोडले. सांगितलं असतंस तर दुसरं घमेलं मी उचललं असतं.