कुशीवर वळून उठा

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. सांगायला तोंड हवं ना — ते कुठून आणू?

पुणतांब्यात, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, सकाळी सहाला मी बायकांचा योगवर्ग घेते. शेवटी शवासन. दहा मिनिटं निपचित पडायचं, मग कुशीवर वळायचं, जरा थांबायचं, हाताचा आधार घेऊन सावकाश उठायचं. झोपेतही सांगेन मी हे. पण सांगत होते का? साडेसातला साखर कारखान्याच्या कॉलनीत साहेबांच्या बायकांचा दुसरा वर्ग असायचा. तिथं पोचायची घाई — मग कात्री लागायची ती इथल्या शवासनाला. या शेतात राबणाऱ्या, यांना कशाला हवाय आराम — असं मी मनातल्या मनात खरंच म्हणायचे. कॉलनीत मात्र पुरी दहा मिनिटं, वर मोबाईलवर बासरी. लाज वाटते आता.

त्या दिवशी उशीर झाला होता. बायका जेमतेम आडव्या झाल्या आणि मी टाळ्या वाजवल्या — "उठा पटापट, डेअरीचं माप बंद होईल." निमित्त डेअरीचं, घाई माझी. शांताकाकूंना बीपीची गोळी चालू होती, मला ठाऊक होतं. त्या ताडकन उठल्या, चार पावलं गेल्या — आणि चक्कर येऊन देवळाच्या पायऱ्यांवरून खाली. उजवं मनगट मोडलं.

इथवर चूक म्हणा हवं तर. पण पुढचं? त्यांचा मुलगा धावत आला, काय झालं म्हणाला. आणि मी — क्षणभरही न अडखळता — म्हणाले, "शंभरदा सांगते मी, कुशीवर वळून उठा. काकूंनी ऐकलं नाही." बाकीच्या बायका खाली बघत राहिल्या. मी त्यांची बाई ना, कोण बोलणार?

हाड नीट जुळलंच नाही. धार काढता येईना, तेव्हा काकूंनी दोन्ही गाई विकल्या. त्या गाईंवर त्यांचा फार जीव होता. मुलगा अजून बोलतो त्यांना — या वयात नाही त्या नादाला लागलीस. त्या ऐकून घेतात. चक्कर आलेल्या माणसाला काय आठवणार? बाई म्हणाल्या म्हणजे तसंच असेल.

आता त्या पुन्हा वर्गाला येतात. कुणी नवी आली की वाकडं मनगट पुढं करून सांगतात, "बाईंचं ऐकत जा बरं. म्या न्हाई ऐकलं, बघ काय झालं."

कालही सांगितलं. मी शेजारीच उभी होते, चटई गुंडाळत.

मी मान डोलावली.