बापूंना विचारून

नानाखेड्याच्या पोतनिसांकडे बापूंना विचारल्याशिवाय पान हलायचं नाही. बापू म्हणजे शरच्चंद्र, घरातले थोरले, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून रिटायर झालेले. धाकट्या भावाने, अनिलने, कुठल्या बँकेत जायचं, फ्रिज कोणता घ्यायचा, सगळं बापूंना विचारून. बापूंचं स्वतःचं लग्न तेवढं राहिलं. ते कुणालाच विचारलं नाही म्हणून असेल.

शिकवताना बापूंचा जीव एका धड्यावर, लढाई आणि व्यापार. आधीचे पंडित म्हणायचे, दुसऱ्याचं सोनं आपल्याकडे आलं तरच आपण मोठे, म्हणजे व्यापार हीसुद्धा लढाईच. मग दुसरे आले. ते म्हणाले, वेड्यांनो, गिऱ्हाईक मारून दुकान चालतं का? शंभरेक वर्षांपूर्वी एकाने तर ठणकावून लिहिलं, आता युद्ध कुणालाच परवडायचं नाही. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि चार-पाच वर्षांत महायुद्ध! इथे वर्ग हसायचा, बापूही हसायचे. ते संपल्यावर एक तरुण ओरडून सांगत होता, हरलेल्याला इतकं पिळू नका, तो परत उठेल. त्याचं कुणी ऐकलं नाही. हे सांगताना मात्र बापूंचा आवाज खाली यायचा.

अनिलची मुलगी इशिता युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होती, रशियाच्या सीमेजवळच्या शहरात. फेब्रुवारीत तिचा फोन आला. "बापूकाका, युद्ध होणार म्हणून मुली घरी निघाल्यात. कॉलेज म्हणतंय, हजेरी जाईल. काय करू?"

बापू खुशीत आले. असा प्रश्न पडावा आणि आपल्याला विचारावा! "अगं, रशियाचा गॅस युक्रेनच्याच जमिनीखालच्या पाइपातून गिऱ्हाइकांकडे जातो. आपल्याच दुकानाला कोण आग लावतं? टेन्शन नको घेऊ. थांब."

ती थांबली. आठवडाभरात बॉम्ब पडायला लागले.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! ज्या माणसावर जन्मभर वर्गाला हसवलं, त्याच्याच वळणावर बापू गेले होते. घरात त्यांना बसवेना. बसस्टँडपर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा निघायचे. महाशिवरात्रीच्या दर्शनाला आलेल्या गर्दीने रस्ते फुललेले. कोपऱ्यावरचा पानवाला रोज विचारायचा, "बापूसाब, बिटिया आ गई क्या?" बापूंनी तो रस्ताच सोडला.

इशिता होस्टेलच्या तळघरात होती. तिची आई अश्विनी बापूंशी एक शब्द बोलत नव्हती. चहा मात्र वेळेवर आणून ठेवायची. त्या चहाची बापूंना भीती वाटायची. तिने भांडावं, वाट्टेल ते बोलावं, असं त्यांना फार वाटायचं.

मंगळवारी दुपारी इशिताचा मेसेज आला. काही मुली गोळीबारातून पायी स्टेशनवर निघाल्या होत्या, पश्चिमेकडे गाडी मिळाली तर बघायला. जाऊ की तळघरात राहू?

अनिलने फोन बापूंच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. ती तुमचंच ऐकते."

सगळे पंडित डोक्यातून फिरून गेले. देश का लढतात, कधी थांबतात, सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं. तळघरातल्या पोरीने काय करावं, हे एकानेही सांगितलं नव्हतं. दोन-तीन तास फोन लागला नाही. ते खोलीत येरझाऱ्या घालत राहिले, काय सांगायचं ते मनाशी पक्कं केलं आणि पुन्हा लावला.

लागला. मागे केवढा तरी गोंगाट.

"बापूकाका, मी गाडीत आहे. उभी आहे, पण आहे. दार बंद होत होतं, मला आत ओढलं कुणीतरी." ती धापा टाकत होती. "तुमची वाट नाही बघितली. रागावलात?"

"नाही गं," बापू म्हणाले. त्यांनी फोन अश्विनीकडे दिला.

ती लेकीशी बोलली, रडली, फोन ठेवला, पदराने तोंड पुसलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा बापूंकडे वळली.

"भाऊजी, तुम्ही काय सांगणार होता तिला?"

खोटं बोलणं सोपं होतं. अनिलही बघत होता.

"थांब म्हणणार होतो," बापू म्हणाले.