परत म्हणून दाखव

माझ्या सासऱ्यांना कुणी नुसतं ‘हो’ म्हटलेलं खपायचं नाही. त्यांची सारी नोकरी विमानतळाच्या टॉवरमध्ये, पायलटशी रेडिओवर बोलण्यात गेली. निवृत्त होऊन इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आले, पण टॉवरवरून काही उतरले नाहीत. सगळी सोसायटी त्यांना टॉवरबाबाच म्हणायची.

“‘हो’ म्हंजे काय? काय ऐकलं ते परत म्हणून दाखव,” हे त्यांचं पालुपद. मूळचे वणीचे. इंग्रजी टॉवरपुरतं, घरात वणीचीच बोली. दूधवाला, इस्त्रीवाला, कुणाची सुटका नव्हती. आमच्या लग्नाच्या बैठकीत माझे वडील, पिंपळगावचे द्राक्षांचे व्यापारी, म्हणाले, “रविवारी अकराला येतो.”

“रविवार, अकरा, तुम्ही येणार. बरोबर?”

वडिलांनी मान डोलावली.

“मान रेडिओवर दिसत नाय, पाहुणे!”

सगळे हसले. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. कुठल्या घरात चालले मी!

पुढे एकदा त्यांनीच मला समजावलं होतं. “आपण सांगायचं, पायलटनं परत म्हणायचं. तो चुकला तर आपण पकडायचं. आपण गप्प बसलो, तर ती चूक त्याची राहत नाय, आपली होते.” मी पोळ्या लाटत होते. “हो हो,” म्हणाले.

मग वय झालं आणि कान गेले. मशीन आणलं, ते नुसत्या शिट्ट्या मारायचं. आता बाबाच आमचं बोलणं खात्रीसाठी परत म्हणून दाखवू लागले. एकच गोष्ट चारदा ओरडून सांगायचा मला कंटाळा. ते काहीही म्हणोत, मी “हो हो” म्हणून मोकळी.

एकदा मोबाइलवरची नजर न काढताच मी म्हणाले, “बाबा, गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय.”

“शुक्रवारी, दातांच्या डॉक्टरकडे.”

“हो हो.”

“पोरी, मला बरोबर ऐकू आलं होतं. मुद्दाम चुकलो. पावसाळ्यापासून अधूनमधून असं करून बघतोय. घरात कुणीच पकडत नाय.”

रागावले असते तर मी उलट बोलले असते. माझी जीभ काही कमी नाही. पण आवाजात राग नव्हताच. मी मोबाइल पालथा ठेवला. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यानंतर बाबांनी परत म्हणणं सोडलं. मग मीच म्हणू लागले, त्यांच्यासमोर बसून, शब्द न् शब्द. गेल्या हिवाळ्यात, जाण्याच्या थोडे दिवस आधी, ते गॅलरीत बसले होते. ओझरच्या दिशेनं एक विमान खाली येत होतं.

“चहा दे. साखर कमी.”

“साखर जास्त घालून चहा. बरोबर ना, बाबा?” मी मोठ्यानं, मुद्दाम चुकीचं म्हणाले. पकडतील, ‘नीट ऐक’ म्हणून खेकसतील, एवढीच आशा होती.

“हो हो,” विमानाकडे बघत ते म्हणाले.

ऐकू आलं नाही, की पकडावंसं वाटलं नाही? विचारायला मला तोंड नव्हतं. आत जाऊन मी साखर कमी घातली.