उलट्या पायांची हडळ

लाल भोपळा चिरला की त्याच्या ओलसर वासाने मला अबू धाबीतल्या, अल रीम आयलंडवरच्या आमच्या फ्लॅटमधली एक हॅलोविनची संध्याकाळ आठवते. लेक तेव्हा दुसरीत होती, नुकत्याच तिच्या दाढा भरून घेतल्या होत्या, म्हणून त्या वर्षी आपल्या दारात चॉकलेट-गोळ्या मिळणार नाहीत, असं मी ठरवूनच टाकलं. "बट आई, देन नोबडी विल कम," ती रडवेली होऊन म्हणाली. "येतील, आणि बसतीलही," मी म्हटलं. हॉलमधले दिवे घालवून मी कोरलेल्या भोपळ्यात पणती लावली, सतरंजी अंथरली आणि मधोमध मक्याच्या लाह्या नि संत्र्याच्या फोडी ठेवल्या. बेल वाजली, तर दारात चेटकिणी आणि सांगाडे बनलेली बिल्डिंगमधली पोरं पिशव्या पसरून उभी. "कँडी नहीं है, कहानी है. असली भूत की," मी सांगितलं. एकमेकांकडे बघत सगळी आत आली. मग मी त्यांना हडळीची गोष्ट सांगितली. ही हडळ अगदी साध्या बाईसारखी दिसते, शेजारी येऊन बसते, फक्त तिचे पाय उलटे असतात. हॉलमध्ये एसीचा तेवढा आवाज येत होता. गोष्ट संपली तेव्हा लाह्या संपल्या होत्या आणि कँडीबद्दल कुणी अक्षरही काढलं नाही. जाताना लिफ्ट उघडली, आत एक बाई उभी होती. पोरं आधी तिची पावलं नीट बघून मगच आत शिरली. लेक माझ्या हाताला धरून पोट दुखेपर्यंत हसली. आता ती कॉलेजात आहे. बिल्डिंगमधली पोरं हॅलोविनला अजूनही येतात, गोष्ट आता तीच सांगते, आणि माझ्यापेक्षा जास्त घाबरवते.