ळची तालीम

मोहर्लीच्या पलीकडच्या आमच्या गावात ळ नाही. डोळ्याला आम्ही डोरा म्हणतो, काळ्याला कारा. मामाकडे ऊर्जानगरला शिकायला गेलो आणि पहिल्याच दिवशी 'शारा' म्हणालो, तर वर्गभर हशा पिकला. तेव्हापासून मी घासूनपुसून ळ बोलतो. याचा मला फार अभिमान होता. आता चीड येते.

धाकट्या बहिणीला सफारीची गाईड व्हायचं होतं. मोहफुलं वेचत, तेंदूपानं तोडत ती जंगलातच वाढली. मातीतला पंजा पाहून वाघ की वाघीण ते सांगते. पण निवड करायला शहरातून आलेले साहेब तिला सगळ्यांदेखत म्हणाले, "आधी नीट मराठी शिका. पाहुण्यांपुढे हे असलं चालत नाही." पाहुणे कुठले? निम्मे हिंदी बोलणारे! हिंदीत कुठे आहे ळ? ते खुशाल 'होली' म्हणतात, त्यांना कोणी शिकायला पाठवत नाही. सिरोंच्याकडच्या तेलुगूत ळ आहे, गुजरातीत आहे, आमच्या विहारातल्या पालीतही आहे. गाथेत तो आला की आमच्या म्हाताऱ्या बाया बिनधास्त र म्हणतात. बुद्धाने कधी तक्रार केली नाही.

पण मी शहाणा ना! चाचणीची फेरी पंधरा दिवसांवर होती; रोज संध्याकाळी तिला ओसरीवर बसवलं. जीभ वळव, टाळूला लाव, पुन्हा म्हण. चुकली की ओरडायचो. शेवटी ती घाबरून दिसेल तिथे ळ घालू लागली. घराचं घळ केलं, मोराचा मोळ. मी पोट धरून हसलो.

चाचणीच्या फेरीत पाणवठ्यापाशी जिप्सी थांबली. मागच्या झुडपातून वाघ निघून गेला आणि बहीण गप्पच बसली. साहेबांनी कागदावर शेरा मारला, 'जंगलाची माहिती नाही.' तिला! त्या माणसाला जंगल म्हणजे काय ते तरी ठाऊक होतं का? पण त्याला बोलायची हिंमत माझ्यात नव्हती. गेटवर मी तिच्यावरच खेकसलो, "काऊन बोलली नाई तू?"

"वाघाले पाहून सांबर कॉल देऊन राह्यला होता, भाऊ. वाघ कुठी हाये ते मले समजलं होतं," ती म्हणाली. "पन सांबर म्हनू का सांबळ, तेच सुचलं नाई. मंग तू कसा हासला होता ते आठवलं."