आधी चालून दाखव

माथेरानला पर्यटकांना घोड्यावर फिरवणारे माझे नेरळचे एक शेजारी माणसालाही घोड्यासारखंच तपासतात. आधी चालायला लावतात आणि मागून बघतात. लेकीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

सातवीच्या मुलांना निरनिराळी कामं कळावीत म्हणून मी या शेजाऱ्यांना माझ्या वर्गात बोलावलं. त्यांनी तिथेही तेच सुरू केलं.

"तू पोलीस होणार? पाय फरफटतोस रं! चोर घरी जाऊन जेवंल."

काजल मात्र बाकावरून उठेना. आठवीची शाळा तिच्या वाडीपासून लांब. 'शिकून करणार काय?' असं घरचे विचारत होते आणि ही काही सांगत नव्हती.

"चाल गं," ते म्हणाले.

"आधी तुमी चाला."

वर्ग हसला. ते चालले. काजल मागून बघत राहिली.

"काका, तुमचा डावा गुडघा दुखतोय. तुमी लपवताय."

ते खुर्चीत बसले आणि गुडघा चोळू लागले.

"बाई, हिला जनावरांची डॉक्टर करा. हिच्या घरी सांगायला मी येतो," ते म्हणाले. "पण चालत नाय, घोड्यावरनं."