फ्रिजमधली पंचमी

केडगावचे यज्ञेश्वर जोशी कचेरीत कारकून, पण जीव सगळा यंत्रांत. लष्कराच्या भंगारातून रेडिओचे जुने, दिव्यासारखे पेटणारे काचेचे व्हॉल्व्ह आणून त्यांनी माजघरात चक्क गणकयंत्र उभं केलं होतं. एवढा मोठा खटाटोप आणि काम एकच: तिथी काढायची! त्यांचे वडील, रंगनाथशास्त्री, जन्मभर हातानं पंचांग मांडायचे. जाताना एवढंच म्हणाले, "माझी तिथी चुकवू नकोस रे." तेव्हा वर्षश्राद्धाची तिथी आपलंच यंत्र काढणार, छापील पंचांगाला हात लावायचा नाही, असा यज्ञेश्वरांचा हट्ट.

पण बहात्तर सालचा वैशाख म्हणजे नुसता वणवा. व्हॉल्व्ह तापले की यंत्र बरळायचं. एकदा तर एका महिन्यात चार एकादश्या दाखवल्या. "बरं झालं, साबुदाण्याची चंगळ," त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई म्हणाल्या. यज्ञेश्वरांना हसू आलं नाही. त्यांची नजर गेली बाईंच्या भावानं पाठवलेल्या नव्या फ्रिजवर. झालं! दूध-लोणी बाहेर, यंत्र आत. वायरींसाठी दार किलकिलं ठेवलं आणि फटीत जुनं धोतर कोंबलं.

गारव्यात यंत्र शांत झालं. म्हणालं, चतुर्थीचा क्षय. तृतीयेनंतर थेट पंचमी. दुसऱ्या कुणाला शंका आली असती, पण जोशांच्या घरात एखादी तिथी गळण्याचं नवल ते काय? पंचांगात क्षयतिथी असतेच. आणि पंचमी हीच वडिलांची तिथी. यज्ञेश्वरांनी स्वतःच श्राद्ध केलं, पान वाढलं आणि ढसाढसा रडले. "अण्णांना मी बोलावलं, माझ्या यंत्रानं बोलावलं," असं म्हणत दिवसभर आनंदानं घरात फिरत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज उघडला तर आत सगळीकडे पाणी सुटलेलं, एक व्हॉल्व्ह भिजून विझलेला. तापलेलं यंत्र निदान उघड बरळत होतं, गारठलेलं मात्र शहाण्यासारखं खोटं बोललं होतं. त्यांनी धावत जाऊन पंचांग काढलं. काल चतुर्थी होती, पंचमी आज.

"चुकवली गं मी," ते खाली बसले. "एवढं एकच मागितलं होतं अण्णांनी."

सरोजिनीबाई पाटा धूत होत्या. "ठाऊक होतं मला. परवाच पंचांग पाहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. पण अण्णा गेल्यापासून तुम्हाला इतकं हरखलेलं पाहिलं नव्हतं. जीभच रेटेना." त्यांनी वड्यांसाठी रात्रीच भिजवलेली उडदाची डाळ पाट्यावर घेतली. "उठा, आंघोळ करा. मामंजी आज जेवायला यायचेत."